गजूचं पळणं आणि शीतलची अट

पळणाऱ्या लोकांचे किस्से जमवावे लागत नाहीत, रोज सकाळी आपोआप एखादा पदरात पडतो! हिंगोलीतला आमचा पळणाऱ्यांचा ग्रुप. मी वयानं पहिला आणि पळण्यात शेवटचा, म्हणून मला सगळ्यांचे तमाशे मागून नीट दिसतात. एक दिवस पळणं चुकलं की यांची तोंडं दहावीत नापास झाल्यासारखी!

*

त्यातला महामेरू म्हणजे गजू. मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. एकदा मावशीकडं हट्टा गावाला गेला आणि भर दुपारी पळायला निघाला. एका काकांनी मोटारसायकल थांबवली. "काय झालं रे? कोन गेलं?"

"कोनी न्हाई काका, हौस हाय."

काकांनी गाडी वळवली अन् थेट मावशीचं घर गाठलं. "बाई, तुमच्या पोराच्या डोक्यावर थंड पानी मारा!"

*

रफिकभाई टेलर रमजानमध्ये पहाटेची सहरी खाऊन पळायला निघाला, तर भाभींनी दार अडवलं. "दिनभर पानी नहीं पीना है, और अभी से पसीना बहाने चले!" मग हा बहाद्दर घरातल्याच जिन्यावर चढउतार करायला लागला. खालचा भाडेकरू वर आला. "भाई, कुछ गुम गया क्या?"

*

माझा भाचा जर्मनीत असतो. तिथं त्याच्या ग्रुपातल्या एकाला डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला पळण्याचं व्यसन लागलंय." तो गडी मुकाट उपचाराला गेला.

आमच्या गजूच्या नडगीच्या हाडाला तडा गेला, तरी पळूनच राहिला! डॉक्टर ओरडले, "हे व्यसन आहे!" तर गजूच्या आईनं हात जोडले. "याचा बाप तमाखूपायी गेला, डॉक्टरसाहेब. हे नुसतं पळूनच राहिलं नं? पळू द्या!"

*

शीतल मात्र ऐकणारी नव्हती. शिरड शहापूरची पोरगी, गजूशी लग्न ठरलेली. एक्स-रे बघून तिला रडूच फुटलं. मग म्हणाली, "हाड जुळेपर्यंत पळायचं न्हाई. पळाले, तर लग्न मोडलं समजा!"

गजूचा लई जीव तिच्यावर. "व्हय" म्हणाला.

बस्त्याच्या दिवशी साड्या निवडणं काही संपेना. गजू दुकानात लंगडत येरझारा घालून राहिला. दुकानदार घाबरला. "नवरदेव रुसले! अरे, थंड आणा लवकर!"

*

लग्नाच्या दिवशी परण्या निघाला, म्हणजे नवरदेवाची मारुतीपर्यंत मिरवणूक. गजू घोडीवर कासावीस. मनगटावरच्या पळणं मोजणाऱ्या घड्याळात अट पडल्यापासून एकही नोंद नाही! आज तरी एक नोंद पडावी म्हणून यानं गुपचूप ते घोडीच्या लगामाला बांधलं. मारुतीसमोर उतरला, तोच फटाके वाजले अन् घोडी उधळली ती औंढ्याच्या रस्त्याला!

घोडी धरून आणली. पण त्या घड्याळाची खोड अशी, की पळणं झालं की ओळखीच्या सगळ्यांच्या मोबाईलवर आपोआप बातमी.

अंतरपाट धरलेला. शीतलच्या धाकट्या बहिणीनं तिला मोबाईल दाखवला. मंगलाष्टकं थांबली. पलीकडून रडवेला आवाज आला, "तुमी पळाले?"

"आईशप्पत, घोडी पळाली!"

आम्ही सगळ्यांनी साक्ष दिली. घोडीवाल्यानं लगामाचं घड्याळ सोडून शीतलच्या हातात दिलं. ती हसली, डोळे पुसले, हार उचलला. मांडवाचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात गजूनं रफिकभाईच्या मोबाईलमध्ये डोकावलं. "आयला! घोडीनं माझा रेकॉर्ड मोडला! उद्या सकाळीच बघतो हिला..."

शीतल म्हणाली, "गुरुजी, अंतरपाट राहू द्या जरा."