भांडून देणारी बाय

बाय कुणाला काही द्यायची ती भांडूनच. मदत मागायला आलेल्या बाईने पदराआडचं पातेलं अजून नीट बाहेरही काढलेलं नसायचं, तोवर बायचा आवाज चढायचा. "हुबी काय रवलंस? पुढे कर ता पातेला! आणि ह्याच्या तळाक काजळी किती? घरातली राख संपली काय?" समोरची बाई ओशाळायच्या ऐवजी चिडायची, दोन शब्द उलट बोलायची, आणि त्या गडबडीत तांदूळ पातेल्यात कधी पडले ते तिला कळायचंही नाही. मी गिरगावातून नवी सून म्हणून लालबागच्या त्या चाळीत आले तेव्हा मला नवल वाटायचं, की एवढ्या तुसड्या बाईला लोकांनी धान्याच्या कोठीवर बसवलंच कसं? मग हळूहळू लक्षात आलं. खाली मान घालून आलेली बाई परत जाताना तणतणत जायची, आणि तणतणणाऱ्या माणसाची मान वर असते.

बाय मूळची देवगडकडची. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला, मूलबाळ नव्हतं. गिरणीत वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळायच्या कामाला ती होती. पाळी सुटून घरी यायची तेव्हा तिच्या केसांत कापसाची पिंज असायची आणि छातीत सदाचा खोकला. तिचं खरं नाव कुणी घेत नसे. तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांची ती बायच.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे ते दिवस. गिरणगावात आज सभा, उद्या मोर्चा, परवा हरताळ. गोळीबार झाले, धरपकडी झाल्या, आणि आमच्या आणि आसपासच्या चाळींतले कितीतरी कर्ते पुरुष तुरुंगात गेले. मागे बायका-पोरं उरली. त्यांच्याकडे दोन दिवस सगळे धावले, तिसऱ्या दिवशी जो तो आपल्या पाळीला गेला. तेव्हा बायने घरोघर फिरून सांगितलं, की भात वैरायच्या आधी तांदळातली एक मूठ बाजूला डब्यात टाका. रविवारी डबे गोळा व्हायचे. तळमजल्यावर गणेशोत्सव मंडळाची खोली होती. मखराच्या फळ्या भिंतीला लावून तिथे पिंपं मांडली आणि कोठी सुरू झाली. मंडळाचे प्रमुख अण्णा. ते स्वतः सत्याग्रहात तुरुंगवास भोगून आलेले, त्यांच्या शब्दाला वजन होतं. खोलीची किल्ली त्यांनी आपण होऊन बायच्या हातात दिली.

कोठीतलं धान्य बाय आपल्या घरच्यापेक्षा जपायची. "जा माझ्या चुलीर शिजवूचंय नाय, ता दुसऱ्याच्या ताटात घालूचंय नाय," हे तिचं ठरलेलं वाक्य. एकदा कोपऱ्यावरच्या वाण्याने मोठ्या उदार मनाने तांदळाचं पोतं पाठवलं. बायने त्यात हात घातला तर मनगटावर पोरकिडे चढले. तिने हमालाला तसंच मागे फिरवलं आणि स्वतः त्याच्यामागून दुकानावर गेली. तिथे काय झालं ते मी पाहिलं नाही, पण वाणी पुढे कितीतरी दिवस आमच्या चाळीवरून जाताना रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने जायचा. दुसरं पोतं मात्र चांगलं आलं.

दुपारी आम्ही तांदूळ निवडायला बसायचो. बाय, मी आणि राधाबाई. राधाबाई बायची जिवाभावाची मैत्रीण, तिच्याच गावाकडची, गिरणीत तिच्याच खात्यात. तिचा एकुलता एक मुलगा दत्ताराम गोळीबारात गेला होता. मोर्चातही नव्हता तो. पाळीवरून घरी येत होता. त्याचे दिवस झाल्यावर राधाबाईने दार लावून घेतलं. आम्ही बायका दाराशी जायचो, चार शब्द बोलून परत यायचो. बाय गेली ती सूप घेऊन. दार ढकलून म्हणाली, "राधे, ऊठ. तांदळात खडे लय आसत. माझ्या एकटीच्यान होवचा नाय." राधाबाई उठली. त्या दिवसापासून ती रोज येऊन बसायची. बोलायची नाही, पण तिची बोटं सुपात चालत राहायची, आणि बायही तिच्याशी बोलायचा प्रयत्न करायची नाही. दोघींच्या मध्ये तांदूळ असले की पुरे.

हे असंच चाललं असतं. पण आमच्या चाळीत एक पोलीस राहत होता.

साधा शिपाई, पण चाळीत सगळे त्याला हवालदार म्हणायचे. साताऱ्याकडचा माणूस, वागायला सरळ. गणपतीत पालखीला खांदा द्यायला पुढे असायचा. दंगल सुरू झाली तसं त्याला बंदोबस्तावर नेलं ते नेलंच. घरी यायला सुट्टी नाही. गोळीबाराच्या दिवशी तो कुठल्या नाक्यावर होता, त्याच्या हातात लाठी होती की बंदूक, कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं म्हणूनच प्रत्येकाने आपापल्या मनाने ठरवलं. त्याची बायको इंदू दोन लहान मुलं घेऊन दुसऱ्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत राहत होती. तिच्याशी बोलणं बंद झालं. नळावर तिची बादली बाजूला सरकवली जाऊ लागली. वाण्याने उधार नाही म्हणून सांगितलं. तिने दार आतून लावून घेतलं. मग त्या दारामागून तिच्या धाकट्याचं रडणं ऐकू यायला लागलं. सगळ्या गॅलरीला ऐकू यायचं. बायका आपापल्या चुलीवरच्या भांड्यांचा आवाज जरा मोठा करायच्या.

एके दिवशी सकाळी बायने कोठी उघडली, पातेलंभर तांदूळ घेतले, त्यावर डाळ, गुळाचा खडा ठेवला, आणि ते पातेलं कमरेवर घेऊन जिना चढली. पदराने झाकलंही नाही. नळावर सगळ्या बायका होत्या, त्यांच्यासमोरून गेली. मी तिच्यामागे होते.

"दार कित्याक लावून घेतलंस गो? पोर रडता ता रस्त्यार आयकाक येता!"

इंदूने दार किलकिलं केलं. पातेलं पाहून ती मागे सरली. "नको बाय. तुमास्नी बोल लागंल."

"बोल लागतलो तो माका. तुझ्या पोराक भात लागतलो. धर!"

इंदूने धरलं. ती रडली नाही, भांडलीही नाही.  बाय खाली आली तेव्हा नळावर भरलेल्या बादलीवरून पाणी वाहत होतं आणि सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या.

संध्याकाळी मंडळाच्या खोलीत माणसं जमली. अण्णा शांत माणूस, आवाज चढवून बोलणारा नव्हे.

"बाय, ही कोठी कुणासाठी काढली आपण?"

"भुकेल्यांसाठी."

"कुठल्या भुकेल्यांसाठी? मराठी राज्यासाठी ज्यांची माणसं आत गेली, ज्यांची माणसं पडली, त्यांच्यासाठी. लोकांनी मूठ टाकली ती त्यांच्या नावाने."

"ता पोर मराठीतच रडता, अण्णा."

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं, कारण राधाबाई उभी राहिली होती. दत्ताराम गेल्यापासून चार माणसांत ती बोललेली मी ऐकली नव्हती.

"बाय, माझ्या डब्यातले तांदूळ तिच्या चुलीर गेले?"

बाय तिच्याकडे बघून म्हणाली, "गेले असतीत, राधे. सगळे एकाच पिंपात पडतत."

"दत्तू गेल्यापासून मी रोज दोन मुठी टाकतंय. एक माझी, एक त्येची. त्येच्या वाटचो भात मी कोणाच्या पोटात घातलंय, सांग माका."

हे आम्हांला कुणालाच माहीत नव्हतं. बायलाही नव्हतं.  मी बायला शब्दासाठी अडलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. राधाबाईला खरंच उत्तर हवं होतं. ते न घेताच ती पदर सावरून निघून गेली.

अण्णांनी किल्ली मागितली नाही. बायनेच ती कनवटीची काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली.

पुढच्या रविवारी डबे फारसे बाहेर आलेच नाहीत. कुणी म्हणालं विसरलो, कुणी म्हणालं आमचंच भागत नाही. अण्णांनी आपल्या परीने कोठी चालवून पाहिली, घरोघर हात जोडले. पण लोकांच्या मनातून काहीतरी उतरलं होतं. मूठ टाकताना आता ती कुठे जाईल हा विचार येत होता, आणि विचार करून मूठ निघत नाही. थोड्याच दिवसांत पिंपं रिकामी झाली आणि मखराच्या फळ्या पुन्हा खोलीभर पसरल्या.

याचा मार बसला तो भलत्यांनाच. काळाचौकीहून एक बाई यायची, तिचा नवरा तुरुंगात होता. कोठीला कुलूप पाहून ती थेट बायच्या दारात आली. म्हणाली, "त्या पोलिसाच्या पोरांची दया आली तुम्हांला, आमच्या पोरांची नाही आली? तुमच्यापायी आमची चूल बंद झाली." मला वाटलं, आता बाय हिला फाडून खाणार. बाय आत गेली, आपल्या डब्यातले होते तेवढे तांदूळ तिच्या पातेल्यात ओतले आणि डबा उपडा करून ठेवला. भांडण न करता बायने दिलेलं मी तेवढंच पाहिलं. ती बाई मान खाली घालून गेली.

त्यानंतर बाय एकटीच देत राहिली, आपल्या ताटातलं. इंदूला, त्या काळाचौकीच्या बाईला, आणखी एखाददुसरीला. मी घरातून जमेल ते नेऊन द्यायचे तर म्हणायची, "तुझी सासू माझ्या नावान बोटां मोडीत." पण घ्यायची. राधाबाई खात्यात तिच्याशेजारचं मशीन सोडून दूरच्या मशीनवर गेली.

मग एक दिवस भर दुपारी हवालदार हातगाडी घेऊन आला. त्याला पोलीस लाइनीत खोली मिळाली होती. कुणाशी न बोलता त्याने सामान भरलं. निघताना इंदूला आणि मुलांना घेऊन तो बायच्या दारात आला आणि वाकला. बायने पाय मागे घेतले.

"बाय," तो म्हणाला, "त्या दिवशी मी कुठं होतो त्ये तुमास्नी एकदा सांगू द्या..."

"नको!" बाय एवढ्या जोरात ओरडली, की धाकटा दचकून रडायला लागला. "माका काय सांगू नको. जा तू. पोरांका संभाळ."

तो गेल्यावर मी तिला विचारलं, "का नाही ऐकून घेतलंत? तो नव्हता म्हणाला असता तर सगळं मिटलं असतं. राधाबाईंनाही सांगता आलं असतं."

बाय उंबऱ्यावर बसली. बराच वेळ खोकत राहिली. मग म्हणाली, "आणि होय म्हटल्यान असता तर? मी भात दिलंय तो दिलंय. पण मगे राधेच्या दारासमोरून माका जावक इला नसता." पदराने तोंड पुसून म्हणाली, "आताय येना नाय."

पुढे काही वर्षांनी महाराष्ट्राचं राज्य झालं. लालबाग, परळ, सगळीकडे दिव्यांच्या माळा, गुलाल, ढोल. सगळी चाळ रोषणाई बघायला गेली. मी मूल झोपवायला मागे राहिले होते. गॅलरीत आले तर राधाबाईचं दार बंद, आणि त्या बंद दाराशी, भिंतीला टेकून, बाय बसलेली. ती दार वाजवत नव्हती. आतून उजेडाची रेघ दिसत होती, म्हणजे राधाबाई जागी होती आणि बाहेर कोण बसलंय हे तिला त्या खोकल्यावरून कळत असणार. माणसं परत येईपर्यंत बाय तिथे बसून होती. दार उघडलं नाही.

खोकला वाढत गेला. डॉक्टरांनी गिरणीचं काम सोडायला सांगितलं आणि बायने गावी जायचं ठरवलं. भाऊच्या धक्क्यावर तिला बोटीवर बसवायला मी आणि माझे यजमान गेलो. मी भाकरी आणि सुकटीची चटणी फडक्यात बांधून नेली होती. बायने गाठोडं माझ्या हातात परत दिलं. म्हणाली, "नको गो. माका बोट लागता. पोटात काय रवणा नाय." शिडीवर चढेपर्यंत ती गर्दीत कुणाला तरी शोधत होती.  बोट सुटली तेव्हा तिने हात केला नाही, नुसती कठड्याला धरून उभी राहिली. त्यानंतर ती मुंबईत आली नाही.

परत आले तर राधाबाई जिन्याच्या तोंडाशी उभी. इतक्या वर्षांत बायचं नाव तिने काढलं नव्हतं.

"सुटली बोट?"

"हो."

"खावक काय दिलंस तिका?"

मी गाठोडं दाखवलं. "घेतलं नाही त्यांनी. बोट लागते म्हणाल्या."

"बोट लागता? तिका?" राधाबाई एकदम तडकली. "दर्यावरचा चेडू ता! आमी दोघी एकाच बोटीन इलव मुंबयक. मी ओकान मरत होतंय आणि ही बाजूक बसान माझेय लाडू खात होती. खोटारडी मेली!"

तिचा आवाज सगळ्या गॅलरीत घुमला. अगदी बायसारखा. मग तिने माझ्या हातातलं गाठोडं ओढून घेतलं, छातीशी धरलं, आणि दार लोटून घ्यायचंही न सुचता आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली.