तुळशीला पाणी

२०२३ साली मी बहात्तर वर्षांचा होतो. मनीषनगरात आमच्या वरच्या मजल्यावर एक रिटायर्ड बाबूजी राहायचे. रविवारी दुपारी ते मला टीव्हीवर जुन्या, बदनाम विलायती कादंबऱ्यांवरचे पिक्चर दाखवत. राजवाडे, घोडागाड्या आणि मधून मधून उतरणारे कपडे. "हे वाङ्मय आहे गा भाऊ," असं म्हणत. मी चौथी नापास, पण पिढीजात विणकर. मला त्या रेशमाचं कौतुक.

सोसायटीच्या गणपतीत आरतीला पुढे तेच असत. त्यामुळे माझ्यादेखत असलं पाहणं त्यांना जड जाई. बाईच्या पाठीवरची नाडी सुटू लागली की ते उठत. "तुळशीले पाणी घालून येतो." आणि बाई बटणं लावू लागली की बरोबर परत येत. एवढ्या पाण्यानं तुळस कुजायला आली, पण त्यांची वेळ कधी चुकली नाही.

मी हट्टी माणूस. एका रविवारी ते बाल्कनीत गेल्याबरोबर मी रिमोटनं पिक्चर थांबवला. ते परतले तर नाडी अर्धीच सुटलेली! तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. बाबूजींचे कान लाल झाले.

"काहून थांबवला भाऊजी?" वहिनी म्हणाल्या. "आता तर तिचा नवरा दार वाजवते. आम्ही दोघांनी कालच पाह्यला."

बाबूजी पुन्हा तुळशीकडे पळाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडून तो पिक्चर पेन ड्राइव्हमध्ये मागून आणला, आमच्या हिच्यासाठी. आणि नर्सरीत जाऊन आमच्या बाल्कनीसाठी तुळशीचं एक रोपही.