माझे हात मला परत मिळतील का?

डॉक्टरांनी माझ्या गुडघ्याखाली छोटी हातोडी मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्याखाली मारली, तोही हलला नाही. त्यांनी मान वर करायच्या आत मला आजार कळला होता, कारण मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे.

"मॅडम, तुम्हाला मी वेगळं काय सांगणार? गुइलेन बॅरे सिंड्रोम वाटतोय. लगेच ॲडमिट व्हा," डॉक्टर म्हणाले.

गुइलेन बॅरे म्हणजे जीबीएस. आपली प्रतिकारशक्तीच चुकून आपल्या नसांवर उलटते. पायांतून सुरू झालेला अशक्तपणा वर चढत हातांत येतो आणि काहींच्या बाबतीत श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचतो. बहुतेक जण बरे होतात. हे वाक्य मी पेशंटच्या नातेवाइकांना कितीदा ऐकवलं असेल. जळगावच्या त्या केबिनमध्ये मला त्यातलं फक्त 'बहुतेक' ऐकू आलं.

आधी जुलाब झाले होते. ते थांबल्यावर तळपायांना मुंग्या सुरू झाल्या. मी म्हटलं, बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व कमी असेल. यावलला एका पेशंटच्या घरी व्यायाम घ्यायला गेले होते, तिथे त्यांचा पाय उचलताना माझीच बोटं सुटली. परतताना बसची पायरी चढता येईना, कंडक्टरने हात दिला. तरी घरी येऊन मी स्वयंपाक केला. लोकांना 'दुखणं अंगावर काढू नका' म्हणून दटावणारी मीच ती!

नर्व्ह कंडक्शन टेस्ट झाली. यात नसांना विजेचे बारीक झटके देऊन संदेश किती वेगाने जातो ते बघतात. निदान पक्कं झालं आणि मला आयसीयूत हलवलं. आयव्हीआयजी, म्हणजे निरोगी माणसांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं, सलाइनमधून सुरू झाली.

तिथली फिजिओथेरपिस्ट वर्षा माझी वर्गमैत्रीण. आम्ही प्रवेश घेतला तेव्हा माझ्या मामांनी विचारलं होतं, "मालिश शिकायला एवढी वर्षं?" आज आमच्यातली एक कबड्डीच्या संघाबरोबर फिरते, एक धुळ्याला कॉलेजात शिकवते, एक विशेष मुलांच्या शाळेत आहे, एक परदेशात. मी स्वतःचं क्लिनिक काढलं. वर्षाने आयसीयू घेतलं, तेव्हा आम्ही तिला चिडवायचो, "तुझे पेशंट काय, झोपलेलेच!"

आता झोपलेली पेशंट मी होते. वर्षा माझ्या बरगड्यांवर हात ठेवून म्हणायची, "खोल श्वास घे. आता खोक." याला चेस्ट फिजिओथेरपी म्हणतात, छातीत कफ साठू नये म्हणून ती करतात. मी श्वास घ्यायचे आणि तिच्या चेहऱ्याकडे बघायचे. मघापेक्षा कमी तर नाही ना भरला? शेजारच्या कॉटवरच्या बाईंना व्हेंटिलेटर लावला होता. त्या मशीनचा आवाज ऐकत मी माझे श्वास मोजायचे. मला भयंकर भीती वाटत होती, आणि हा आजार कुठवर जाऊ शकतो हे मला पुस्तकातल्या ओळींसकट पाठ होतं.

अशक्तपणा श्वासापर्यंत पोचला नाही. एका सकाळी डॉक्टर म्हणाले, "आता वर चढायचा थांबलाय." मी ढसाढसा रडले, आणि डोळे पुसायला हात उचलेना.

मग खरी धास्ती सुरू झाली. चालायला मी शिकणार, हे मला माहीत होतं. पण बोटांत जोर उशिरा येतो, आणि कधीकधी पूर्ण येत नाही. माझं सगळं काम हातांचं. पेशंटला धरायचं, उठवायचं, तोल गेला तर सावरायचं. हातच आले नाहीत तर मी कोण?

घरी आल्यावर सासूबाई मला भरवायच्या. त्या धुळ्याकडच्या, अहिराणी बोलणाऱ्या. दुधात भाकरी कुस्करून घास पुढे करायच्या. "तू काही करू नको, बेटा. मी शे ना," म्हणजे मी आहे ना, असं म्हणायच्या. मीही करत नव्हते. पेशंटला असं भरवणाऱ्या किती सासवांशी मी भांडले असेन! पण आता कळलं, चमचा उचललाच नाही तर तो पडतही नाही. पडला की हातांत जोर आला नाही हे कळणार होतं.

वर्षा एकदा घरी आली. तिने वाटी माझ्यापुढे सरकवली.

"चमचा पडी जाई ना!" सासूबाई कळवळल्या.

"पडू द्या, आई."

मी चमचा उचलला, तो पडला. दूध माझ्या मांडीवर सांडलं. वर्षाने माझी बोटं आपल्या मुठीत घेतली आणि म्हणाली, "दाब." मी दाबलं. "छान," ती म्हणाली. तो सूर माझ्या ओळखीचा होता. मीही पेशंटला असंच म्हणते. मी ओरडले, "खरं सांग, येतील का हात?" ती म्हणाली, "माहीत नाही गं." सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मग त्यांनीच चमचा धुऊन आणला, माझ्या हातात दिला आणि तोंड फिरवून बसल्या.

ज्यांना हा आजार झालाय त्यांना मी 'घाबरू नका' म्हणणार नाही. घाबरा, पण चमचा उचला. दमाल तेव्हा थांबा, कारण या आजारात अति व्यायामही बाधतो. भरवणाऱ्यांनो, थोडं सांडू द्या.

माझे हात आले, पण पूर्ण नाहीत. उजव्या अंगठ्यात अजून जोर कमी आहे. क्लिनिक पुन्हा उघडलं तेव्हा वरणगावचे एक आबा आले, लकव्यानंतर उभं राहायला शिकणारे. मी त्यांच्या मुलाला आधीच सांगितलं, "माझी पकड पूर्वीसारखी नाही. दुसऱ्या बाजूने तुम्ही उभे राहा." आता हे उठून जातील, असं वाटलं. मुलगा दुसऱ्या बाजूला येऊन उभा राहिला.

आबा उठले. आधारासाठी त्यांच्या कमरेला बांधलेला पट्टा मी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. त्यांचे पाय लटपटत होते. हळूहळू त्यांचे पाय स्थिर झाले. माझे हात मात्र पट्टा सोडेनात.

"पोरी, सोड आता मले. पडत नही मी," आबा म्हणाले.

"थांबा आबा, जरा थांबा."

"सोड वं."

मी एकेक बोट उघडलं. आबा उभे होते.