बुंध्याकडचं टोक

माझे वडील सुतार होते. आमच्या कित्येक पिढ्या बंगळुरातच गेल्या, त्यामुळे घरातल्या मराठीत कन्नड सर्रास मिसळलेलं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो आणि मी थोरली म्हणून घरात सगळे मला अक्का म्हणायचे, अण्णासुद्धा.

अण्णांच्या चौकटीला खिळा लागत नसे. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला तिच्यात घट्ट बसणारी जीभ, मध्ये सरस, की झालं. पण त्यांना अभिमान होता तो वेगळ्याच गोष्टीचा. दाराचे दोन्ही खांब झाड उभं होतं तसेच उभे राहिले पाहिजेत, बुंध्याकडचं टोक खाली आणि शेंड्याकडचं वर. लाकूड कापून चौरस केलं की कुठलं टोक कुठलं ते सहज कळत नाही, आणि खांब उलटा लावला तरी दार लागायचं थांबत नाही. अण्णांना मात्र ते खपत नसे. "झाडाला शीर्षासन घालायला लावायचं काय?" असं विचारायचे. जन्मात माझ्या हातून एक खांब उलटा लागला नाही, हे येईल त्याला ऐकवायचे. आम्हा बहिणींना ते इतकं पाठ झालं होतं की आम्ही त्यांच्या मागे उभ्या राहून नुसते ओठ हलवायचो.

नव्वदच्या दशकात मी आणि माझ्या नवऱ्यानं येलहंकेला घर बांधायला काढलं. अण्णांनी माझ्या दारासाठी होन्नेचं, म्हणजे बिबळ्याचं, लाकूड पाच वर्षं माळ्यावर सुकवत ठेवलं होतं. तोवर त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ऑपरेशन आधी करून घ्या म्हटलं तर ऐकेनात. बोटांना सगळं दिसतं म्हणाले. खरोखरच रंधा मारण्यापासून खाच कोरण्यापर्यंत सगळं ते चाचपून करत होते. एकाच कामाला त्यांना दुसऱ्याचे डोळे लागत होते.

खांब बरोबर मध्यावर दोरीनं बांधून टांगायचा. बुंध्याची बाजू किंचित जड, ती खाली कलते. फरक बोटभरसुद्धा नसतो, म्हणून डोलणं पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहायची आणि मग खाली कललेल्या टोकावर खडूनं खूण करायची. हे काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी सुट्या भागांची मापं तपासायची. माझ्या नजरेवर त्यांचा फार विश्वास.

पहिला खांब मी नीट पाहिला. दुसरा काही केल्या स्थिर होईना आणि कारखान्याच्या बसची वेळ झाली होती.

"स्वल्प थांब, अक्का. घाई नको," अण्णा म्हणाले.

"थांबला की," मी म्हटलं, आणि मनाला येईल त्या टोकावर खूण केली.

"नक्की?"

"नक्की, अण्णा."

बस मिळाली. त्या खुणेवर भरवसा ठेवून त्यांनी महिनाभर चौकट घडवली. वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येकाला दाराशी नेऊन सांगितलं की खांब माझ्या मुलीनं पारखलेत. मी हसून मान डोलावली. मला वाटलं, हे कुणाला कळणार आहे?

सहा-सात महिन्यांनी त्यांची ऑपरेशनं झाली. त्यानंतर पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा पोरासारखे खुशीत होते, वाटेतल्या पाट्या मोठ्यानं वाचत होते. मी कॉफी करायला आत गेले. कप घेऊन आले तर ते डाव्या खांबासमोर उभे. पॉलिशमुळे लाकडाच्या रेघा उठून दिसत होत्या. झाडात त्या वर निमुळत्या होत जातात. उजव्या खांबावर त्या तशाच होत्या, डाव्यावर त्यांची टोकं जमिनीकडे. अण्णांनी त्यांवरून हात फिरवला, मग पुन्हा फिरवला.

तेवढ्यात समोरचे शेजारी आले. त्यांचंही घर बांधायचं चाललं होतं आणि त्यांना अण्णांच्याच हातची चौकट हवी होती. अण्णा त्यांना कन्नडमध्ये म्हणाले, "नाही, सार. मी काम सोडलं. दिसत नव्हतं तेव्हा हात चुकला माझा. टोकांची अदलाबदल करून बसलो, तीही मुलीच्याच दाराला."

खूण चुकली असेल, ही शंकासुद्धा त्यांना आली नाही. मी तिथंच कप धरून उभी होते. "अण्णा, चूक माझी," एवढंच म्हणायचं होतं. शेजाऱ्यांसमोर लाज वाटली. ते गेल्यावर सांगू म्हटलं. ते गेले, आणि अण्णांचा चेहरा पाहून माझा धीर सुटला. बसस्टॉपवर सांगू असं ठरवलं, तर बस लगेच आली.

त्याच आठवड्यात त्यांनी रंधे, पटाश्या, करवती सगळं एका ओळखीच्या सुताराला देऊन टाकलं. मी फोनवर विचारलं, "इतक्यात कशाला?" तर म्हणाले, "सरी, ठीक आहे, झालं आता."

डोळे चांगले झाले होते, हात शाबूत होते. अजून दहा वर्षं त्यांनी सहज काम केलं असतं. ते माझ्यामुळे बसून राहिले, आणि हे मला त्या दिवसापासून माहीत आहे.

पुढे ते नऊ वर्षं जगले. जुन्या कामाचा विषय निघाला की आता ते म्हणायचे, "एकच खांब चुकला माझा." मी बहुतेक वेळा शेजारीच बसलेली असायची आणि दर वेळी गप्प राहायची.