शाहीनबरोबर धसईला

शहापूरहून सरळगावकडे एसटी सुटली तेव्हा शाहीनने माझा हात घट्ट धरला होता. आम्ही दोघी एकाच दवाखान्यात नर्स. तिचा नवरा महेश फौजेत. सीमेवर लढाई जुंपली आणि त्याचा फोन लागेनासा झाला. शेवटच्या बोलण्यात तो म्हणाला होता, धसईला जाऊन आईला भेट. लग्नानंतर घरच्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं, आणि या मुसलमान सुनेला तर त्यांनी दारातही उभं केलं नव्हतं.

किन्हवली मागे पडली. दोन्हीकडे राब (भाताच्या रोपांसाठी भाजलेली जमीन), करवंदीच्या जाळ्या, समोर सह्याद्रीची भिंत. एरवी मी खिडकी सोडली नसती. त्या दिवशी दोघींचं लक्ष तिच्या फोनवर.

सरळगावला जीप मिळाली, ती वाटेत पंक्चर झाली. उतारू आंब्याखाली उभे राहिले. लढाईच्या गप्पा निघाल्या आणि एकजण ‘ह्या लोकांना’ शिव्या घालू लागला. शेजारच्या बाईने शाहीनला नाव विचारलं. मी घाईने खोटं नाव सांगणार, तोच ती म्हणाली, “शाहीन. धसईची सून. नवरा लढाईवर आहे.”

 जीप निघताना त्या बाईने सरकून तिला जागा दिली.

धसईला पोचलो तेव्हा सासू पडवीत तांदूळ पाखडत होती. शाहीनला पाहताच तिच्या हातातलं सूप गळालं. वाईट बातमी घेऊन आलो, असंच तिला वाटलं.

“तसं काही नाही, आई,” शाहीन म्हणाली. “मलाही काहीच कळलेलं नाही.”

सासूने आम्हाला आत घेतलं. सासरे परसात निघून गेले. तांदळाची भाकरी आणि सुकट (वाळवलेला जवळा) पुढे आलं. 

दुपार कलल्यावर फोन वाजला. महेशचा आवाज ऐकताच शाहीनने फोन सासूपुढे धरला. 

“जेवलास का रे?” सासूने विचारलं. मग म्हणाली, “तुझी बायको हितं हाय. तिची काळजी करू नको. तू जीव सांभाळ.”

शाहीन बोलायला लागली तोच फोन तुटला, तो पुन्हा लागला नाही. बॅटरी संपत आली होती आणि चार्जर ती घाईत विसरली होती. सासूने तिला ठेवून घेतलं. मी परतले.

एसटीत एकटीच होते. लढाईने त्या घराचं भलं केलं, असं मी म्हणणार नाही. दोन बायकांची काळजी एका छपराखाली आली, एवढंच. सासरे तर शाहीनशी एक शब्दही बोलले नव्हते. पण मी निघाले तेव्हा ते तिच्या फोनला बसेल असा चार्जर शोधत शेजाऱ्यांची दारं ठोठावत होते.