मंगळवारपर्यंतच्या गोळ्या

बाबांच्या कळ थांबवणाऱ्या कॅप्सूल शुक्रवारी संपल्या आणि त्यांचे नागपूरचे डॉक्टर फक्त मंगळवारी बसायचे. मधले दिवस आम्ही कसे काढले, हे मी माझ्या नवऱ्यालाही धड सांगितलेलं नाही.

बाबांनी आयुष्यभर वैनगंगेत जाळं टाकलं आणि आयुष्यभर तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ला. गालाचा कॅन्सर कळला तेव्हा तो जबड्यात उतरला होता. मी शाळेतून रजा काढून पवनीला माहेरी आले, तोवर त्यांचं बोलणं बंद झालं होतं. नाकातल्या नळीतून पेज द्यायची, औषधही त्यातूनच. कळ उठली की ते खाटेच्या नवारीत बोटं रुतवायचे. डोळ्यांतून पाणी वाहायचं, आवाज मात्र नाही.

शुक्रवारी संध्याकाळी औषधाच्या दुकानात गेले. दुकानदार आमच्याच मोहल्ल्यातले. त्यांनी चिठ्ठी उलटसुलट पाहिली.

"ताई, यावर शिक्का पडला हाये. एकदा दिलं की त्याच चिठ्ठीवर दुसऱ्यांदा देता येत नाही."

"तुम्ही बाबाले ओळखत नाही का?"

"ओळखतो म्हणूनच मान वर करून बोलता नाही येऊन राहिलं. अगोदर देतच होतो. मंग पोट्टे नशेसाठी पाकिटंच्या पाकिटं न्यायले लागले, कायदा कडक झाला. आता बिना चिठ्ठीनं दिली त मी जेलात."

त्यांनी तापाच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी काय होणार होतं!

शनिवारी बाबांना घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई वयानं माझ्याहून लहान. तिनं फाईल वाचली, एक इंजेक्शन दिलं आणि म्हणाली, "हे औषध ज्यांनी सुरू केलं त्यांच्याकडूनच लिहून आणा. मी नाही लिहिणार." तिला लिहिता आलं असतं, हे मला फार उशिरा कळलं. त्या दिवशी कायद्याला आम्ही सगळेच सारखे भीत होतो.

इंजेक्शन तासभर पुरलं.

रविवारी दुपारी बाबा भिंतीवर डोकं आपटायला लागले. मी आणि माय दोघी मिळून त्यांना धरत होतो. नदीत डोंगा ओढणारा माणूस. आजारातही आम्हाला आवरत नव्हता. माय एकाएकी म्हणाली, "बस स्टँडच्या मागं ते औषध भेटते म्हणतात. जाय."

"माय, मी मास्तरीण आहो."

"मंग मी जातो."

मीच गेले. शाळेत पोरांकडून नशामुक्तीच्या घोषणा म्हणवून घेणारी मी, तोंडाला ओढणी बांधून एका अनोळखी माणसासमोर उभी राहिले. त्यानं खर्ऱ्याच्या प्लास्टिकच्या पन्नीत चार कॅप्सूल बांधून दिल्या. रंग आमच्या कॅप्सूलसारखाच होता, नाव कशावरच नव्हतं.

एक फोडून पाण्यात कालवली, नळीतून दिली. अर्ध्या तासात काही फरक नाही, म्हणून दुसरी दिली. मग बाबा झोपले. इतके गाढ की श्वास आत गेला, तर बाहेर यायला वेळ लावायचा. माय तळपाय चोळत होती, मी नाकाजवळ बोट धरून बसले होते. "अजी, उठा ना जी," ती म्हणत राहिली. आपण बापाला मारलं, असं मी मनाशी धरूनच टाकलं होतं. दिवेलागणीला त्यांनी डोळे उघडले आणि माझा हात ढकलला. राहिलेल्या दोन मी संडासात टाकल्या. सोमवारी पुन्हा तेच भिंतीवरचं डोकं, तेच आम्ही दोघींनी धरणं.

मंगळवारी नागपूरला डॉक्टरांना मी सगळं खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. "योग्य औषध आमच्याकडून आधीच सुरू व्हायला हवं होतं," एवढंच म्हणाले आणि मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या दवाखान्याच्याच खिडकीवर मिळाल्या, महिनाभराच्या, सही घेऊन.

पहिल्या दोन दिवसांत कळ उतरली. बाबा अंगणात खाट टाकायला खुणावत, उन्हात पडून राहत. एकोणीस दिवस असे गेले आणि एका सकाळी ते उठले नाहीत.

उरलेल्या गोळ्या परत करायला गेले, तेव्हा माय सोबत आली होती. खिडकीतल्या बाईला तिनं विचारलं, "हेच औषध पवनीले काहून नाही ठेवत व बाई?"

बाई म्हणाली, "परवानगी लागते, मावशी."

माय मान हलवत बाजूला झाली.