क्रेटबाहेर काढलेल्या अकरा वस्तू

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. आईशी फोनवर नाही, खोलीवरच्या जोडीदारापाशी नाही – जोडीदार आता उरलाही नाही म्हणा, लग्न करून वाकडला गेला. पुण्याजवळ मांजरी गावातल्या खोलीत मी एकटाच असतो. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी यवतमाळचा. लोणी काळभोरच्या पुढे एका गोदामात काम करतो. तिथे यंत्राचा एक हात आहे. त्याच्यावरचा कॅमेरा क्रेटमधली वस्तू बघतो, ही कोणती ते ठरवतो आणि हात ती उचलून ग्राहकाच्या खोक्यात टाकतो. तो वस्तू नीट ओळखतो की नाही, हे तपासणं माझं काम. म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यात उभं राहायचं, त्याच्यापुढे साबण, मोजे, टूथपेस्ट ठेवायचे आणि तो चुकला की कागदावर फुली मारायची. शाळेत मास्तरांनी माझ्या वहीत मारल्या नसतील इतक्या फुल्या मी त्याला मारल्या. दिवसभर माझ्याशी कुणी बोलायचं नाही. हात तर नाहीच.

बोलायच्या त्या फक्त मंदाताई. पलीकडच्या रांगेत ग्राहकांच्या खोक्यांसाठी हाताने माल काढणाऱ्या बायका होत्या, त्यांच्यातल्या सगळ्यांत जुन्या. चहाच्या सुट्टीत जाळीपाशी येऊन विचारायच्या, "अहो टेस्टिंगवाले, जेवलात का?" – पुण्यात मला हे विचारणारं दुसरं कुणी नव्हतं. आजही नाही.

एकदा मी सगळ्या वस्तू लेबल वर करून मांडत होतो. मंदाताई हसत सुटल्या. "आसं मांडून दिल्यावर कुनी बी वळखंल की! पालथं पडलेलं द्या त्याला." मग त्यांनीच एकेक वस्तू सांगितली. पारदर्शक डबीतला कापूर. काळ्या पिशवीतले काळे मोजे. चकाकणारं चिवड्याचं पाकीट. पालथी टूथपेस्ट. अशा अकरा. त्या स्वतः डोळे मिटून, नुसतं चाचपून सांगायच्या. मी यादी एका पुठ्ठ्यावर लिहून घेतली आणि त्या वस्तू हातापुढे ठेवून पाहिल्या. अकराच्या अकरा वेळा तो चुकला. मंदाताई इतक्या खूश झाल्या, की दुसऱ्या दिवशी डब्यात माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी घेऊन आल्या.

आता – इथवर आलोच आहे, तर सांगून टाकतो.

शेवटची चाचणी होती. हात पास झाला की माल काढायचं काम त्याच्याकडे जाणार, हे मला ठाऊक होतं. कुणाचं जाणार, हेही. साहेबांनी दमदाटी वगैरे केली नव्हती. नुसतं विचारलं होतं, "या वेळी तरी होईल ना?" आणि मला – कसं सांगू – एकदा कुणीतरी शाबास म्हणावंसं वाटलं. बस, एवढंच. मी पुठ्ठा काढला. त्या यादीवरून अकरा वस्तू क्रेटमधून बाहेर काढून टेबलाखाली ठेवल्या. उरलेल्या लेबल वर करून ओळीने लावल्या. त्या दिवशी कागदावर एकही फुली पडली नाही. साहेबांनी पाठ थोपटली, आणि मला बरं वाटलं.

पुढचा महिनाभर हात आणि बायका दोघांनीही माल काढला. चुकीच्या वस्तू परत येऊ लागल्या. कुणी वाती मागवल्या, तर कापूर गेला. कुणाला मोजेच भलते. साहेबांनी मला बोलावून विचारलं, "मशीन चुकत असेल का?" मी नाही म्हणालो. मग उरलं कोण? बायका. त्यांत सगळ्यांत जुन्या कोण? मंदाताई पिंजऱ्याच्या पलीकडे उभ्या राहून सांगत होत्या, की कापूर मी टाकलेला नाही. मी मान खाली घालून साबण मांडत राहिलो. बायकांची रांग बंद झाली, पण मंदाताईंना त्याआधीच काढलं. आता तुमची नजर राहिली नाही, असं सांगून.

त्यांची नोकरी गेल्याचं एकवेळ पचवलं असतं मी – इतका निर्ढावलो आहे. पण मागच्या महिन्यात हडपसरला एका किराणा दुकानात त्या भेटल्या. प्रत्येक पुडा डोळ्यांशी नेत होत्या, आणि तरी दुकानदाराला विचारत होत्या, "ही साखरच हाय न्हवं?" मला पाहून पहिला प्रश्न तोच, जेवलात का. मग म्हणाल्या, डोळे दोनदा तपासून घेतले. नंबर निघालाच नाही. डॉक्टरलाच नीट कळत नसेल, त्याला काय करणार.

हीच वेळ होती ना? समोर त्या, समोर मी. यंत्र नाही, साहेब नाही. एक वाक्य पुरलं असतं.

"तुमच्या मशिनला लई हसले मी," त्या म्हणाल्या. "चुकत मीच हुते. राग मानू नगा."

"अहो ताई, राग कसला?" मी म्हणालो.

माफी त्यांनी मागितली. ती मी दिली.